इकडील सर्व क्षेम

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले शब्द शक्य तितके तसेच ठेवलेत.)

  कोणी लोकलमध्ये लटकून ऐकत असेल, कोणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कोणी भांडी घासताना. जिथे असाल तिथे आवाज थोडा वाढवा, कारण आज मी नेहमीपेक्षा हळू बोलणार आहे.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याला झालंय काय? विषय आहे मॉर्मन मिशनरी मुलं आणि त्यांच्या घरची ख्रिसमसची पत्रं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावचा, पुण्यात कोड लिहिणारा माणूस. माझा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो शेवटी माझ्या बाबांपर्यंत जातो. पण मधला रस्ता अमेरिकेतल्या युटा राज्यातून जातो, तेव्हा आधी तिकडे जाऊ.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने मला तीन महिन्यांसाठी क्लायंटकडे पाठवलं. लीहाय नावाचं गाव. सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, एका बाजूला डोंगर आणि हायवेच्या कडेने काचेच्या आयटी बिल्डिंगा. त्या पट्ट्याला ते 'सिलिकॉन स्लोप्स' म्हणतात. मी आपला खूश. पहिला परदेश प्रवास, आईने दिलेले चिवड्याचे चार डबे, आणि खिशात चहाची पावडर.

चहाची पावडर महत्त्वाची आहे बरं का. कारण ऑफिसात पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं की टीममधले बरेच जण ना चहा पितात ना कॉफी. टीम लीडला विचारलं तर तो हसून म्हणाला, "आमच्या धर्मात चालत नाही." तेव्हा मला कळलं की हे सगळे मॉर्मन आहेत. त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेलं. मॉर्मन हे बाहेरच्यांनी पाडलेलं नाव, आणि २०१८ पासून त्यांच्या अध्यक्षांनी पूर्ण नावच वापरा असं सांगितलंय. पण आज बोलायच्या सोयीसाठी मी मॉर्मन म्हणतो.

आधीच सांगतो, हा भाग धर्मप्रचाराचा नाही. मला कोणी बाप्तिस्मा द्यायचा प्रयत्न केला नाही आणि मी तुम्हाला देणार नाही. मला अडकवलं ते एका वेगळ्याच गोष्टीने.

ती गोष्ट अशी. या समाजात मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षं घर सोडून मिशनला जातो. २०१२ पर्यंत वय एकोणीस होतं, मग अठरा केलं. मुलीही जातात, त्यांचा काळ अठरा महिन्यांचा. कुठे जायचं हे स्वतः निवडायचं नाही. अर्ज करायचा आणि वाट बघायची. पूर्वी घरी एक मोठा पांढरा लिफाफा यायचा, सगळं खानदान जमायचं, आणि सगळ्यांसमोर तो फोडला जायचा. जपान निघालं तर जपान, घाना निघालं तर घाना. आता ते ऑनलाइन येतं, पण खानदान अजूनही जमतंच.

पगार नाही. उलट खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. २०२० पासून अमेरिकेतल्या मुलांना महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. कायम जोडीने राहायचं, जोडीदाराला नजरेआड करायचं नाही. छातीवर काळी पट्टी, त्यावर नाव. नाव म्हणजे फक्त आडनाव, मुलाच्या आधी 'एल्डर', मुलीच्या आधी 'सिस्टर'. एल्डर म्हणजे वडीलधारा! अठरा वर्षांचं, नीट दाढीही न फुटलेलं पोरगं, आणि सगळे त्याला वडीलधारा म्हणतात. मी हसलो होतो. आता तितकं हसू येत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. कित्येक वर्षं नियम असा होता की या मुलांनी घरी फोन करायचा तो वर्षातून फक्त दोनदा. एकदा मदर्स डेला, एकदा ख्रिसमसला. बाकी सगळं पत्रातून, नंतर ई-मेलमधून, आणि तेही आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी. सुट्टीचा दिवस म्हणजे कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणं. हा फोनचा नियम १५ फेब्रुवारी २०१९ ला बदलला. तेव्हापासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो.

म्हणजे बघा, ज्या वर्षी आपण सगळे जिओच्या कृपेने दिवसभर व्हिडिओ कॉलवर पडीक होतो, त्या २०१८ साली जगभर हजारो मुलंमुली ख्रिसमसची वाट बघत होती. आईचा आवाज ऐकायला.

हे मला लीडनेच सांगितलं. तो माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. १९९६ ते ९८ तो अर्जेंटिनात होता, रोसारिओ शहरात. आणि आता त्याची मुलगी फिलिपिन्समध्ये, इलोइलोला. तिथली हिलिगायनोन भाषा शिकून दारोदार फिरतेय.

मी म्हटलं, "दोन फोन? वर्षाला? मी तर आईला रोज करतो."

तो म्हणाला, "छान. काय बोलता?"

मी म्हटलं, "काय म्हणजे... जेवलास का, थंडी आहे का, स्वेटर घातलास का."

तो काही बोलला नाही. नुसती मान हलवली. तो प्रश्न मला तेव्हा कळला नाही.

डिसेंबर आला. ऑफिस रिकामं व्हायला लागलं. बर्फ पडून पडून इतका साचला की पार्किंगच्या कडेला त्याच्या टेकड्या झाल्या. मी हॉटेलच्या खोलीत एकटा, मायक्रोवेव्हमध्ये खिचडी. लीडला माझी दया आली असावी. त्याने चोवीस तारखेला संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं. म्हणाला, "लवकर ये. आमच्याकडे साडेसहाला ख्रिसमस सुरू होतो. फिलिपिन्सचा."

गंमत अशी की २०२३ ला पंचवीस डिसेंबर सोमवारी आला होता. इलोइलोत सोमवार सकाळचे साडेनऊ म्हणजे युटामध्ये रविवार संध्याकाळचे साडेसहा. पंधरा तासांचा फरक. त्यामुळे मुलीचा ख्रिसमसच्या दिवशीचा फोन, घरी ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी येणार.

मी सहाला पोचलो. घरात पंधरावीस माणसं. लीडचे भाऊबहीण, त्यांची पोरं, आणि खुर्चीत त्याची आई, पंचाहत्तरीच्या आजी. टेबलावर हॅम, जेली, आणि चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचा एक मोठा ट्रे. मी शाकाहारी, म्हणून बटाटे दोनदा घेतले. मग कोणीतरी सांगितलं की या पदार्थाला इकडे 'फ्युनरल पोटॅटोज' म्हणतात, कारण कोणी गेलं की शेजारीपाजारी हाच करून आणतात. आपल्याकडे कसं, दुःखाच्या घरी शेजारून पिठलंभात येतो, तसं. तिसऱ्यांदा घेतले नाहीत.

जेवणाआधी आजींनी एक बुटांचा खोका उघडला. जुना, कडा सेलोटेपने चिकटवलेल्या. आत पत्रं. रोसारिओहून आलेली सगळी, तारखेप्रमाणे लावलेली. आणि त्यांनी स्वतः लिहिलेली सुद्धा, कारण मुलाने परत येताना ती सगळी जपून आणली होती. म्हणजे दोन्ही बाजू एकाच खोक्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर क्लायंट आणि सर्व्हर, दोन्हीकडचे लॉग!

त्यांच्या घरात दर ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी त्यातलं एक ठरावीक पत्र वाचतात. गंमत म्हणजे त्या पत्राला ते 'जानेवारीचं पत्र' म्हणतात. माझ्यासाठी लीडने त्याची मागची गोष्ट सांगितली. ती तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो.

१९९७ चा नोव्हेंबर. इकडे युटात त्याच्या वडिलांची नोकरी गेली. घरात पाच मुलं, एक परदेशात. आता पोराला कळवायचं की नाही? वडील म्हणाले, नको. तो तिकडे एकटा आहे, काही करू शकत नाही, उगाच जीव टांगणीला. आईने दोन दिवस विचार केला आणि लिहिलं. सगळं लिहिलं. नोकरी गेली. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलंय. ख्रिसमसला भेटवस्तू कमी आहेत. तुझे पैसे मात्र दर महिन्याला येतील, ते आम्ही आधीच बाजूला काढलेत. आणि तुझे बाबा रात्री झोपत नाहीत.

तिकडे त्याच दिवसांत रोसारिओत पोराची अवस्था काय? जोडीदाराशी पटत नव्हतं. दोघं चोवीस तास एकत्र, आणि तीन आठवडे एकमेकांशी कामापुरतं सोडून शब्द नाही. डिसेंबरमध्ये तिकडे कडक उन्हाळा. दारं बंद होतायत, लोक हात हलवून जा म्हणतायत, पायाला फोड आलेत. त्याने दोनदा बॅग भरली होती. पण परत जायचं कसं? त्या समाजात मिशन अर्धवट टाकून आलेल्या मुलाकडे लोक कसे बघतात, हे त्याला ठाऊक होतं. आणि घरी दर आठवड्याला तो काय लिहीत होता? सगळं छान चाललंय. जोडीदार चांगला आहे. तब्येत उत्तम.

आईचं पत्र अठरा डिसेंबरच्या सुमाराला त्याच्या हातात पडलं. नंतर एका आठवड्यात ख्रिसमसचा फोन. चर्चमधल्या एका कुटुंबाच्या घरून. सगळं घर उठून बसलेलं, जोडीदार शेजारच्या खुर्चीत, घड्याळ समोर. युटात आई फोनपाशी वही घेऊन बसलेली. वहीत प्रश्नांची यादी. घरातले दुसरे दोन फोन उचलून बाकीची भावंडं ऐकतायत.

चाळीस मिनिटं बोलणं झालं. काय बोलले?

जेवलास का. खूप उकडतं का. इथे मध्यरात्री लोक फटाके उडवतात, ख्रिसमसला, मजा आली. कपडे पुरतात ना.

आईने विचारलं नाही की माझं पत्र मिळालं का. त्याने सांगितलं नाही की मिळालं. दोघांनाही वाटत होतं, समोरचा रडेल. शेवटी दोघं रडलेच, पण "बरं ठेवते" म्हणताना, म्हणजे ज्या रडण्याला कुणी कारण विचारत नाही ते.

आणि त्या रात्री त्याने चार पानं लिहिली. बॅग भरल्याचं, जोडीदाराचं, फोडांचं. तुमचं पत्र मिळालं, फोनवर बोलता आलं नाही. बाबांना सांगा, मी पण झोपत नाही. ते पत्र युटाला पोचलं जानेवारीच्या मध्यावर. म्हणून ते जानेवारीचं पत्र.

लीडने ते वाचून दाखवलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, आर्किटेक्चर रिव्ह्यूत समोरच्याला घाम फोडणारा, त्या बाबांच्या वाक्याशी थांबला. वडील आता नाहीत. मग आजींनीच पुढचं तोंडपाठ म्हटलं. कागद न बघता.

मला नंतर उत्सुकता लागली आणि मी जरा शोधलं. पत्रांचं हे वेड त्या समाजात जुनं आहे. जोसेफ एफ. स्मिथ म्हणून एक होते, पुढे १९०१ ते १९१८ चर्चचे अध्यक्ष झाले. १८५४ साली त्यांना मिशनला हवाईत पाठवलं, तेव्हा वय पंधरा. वडिलांची ते लहान असताना जमावाने हत्या केलेली, आई दोन वर्षांपूर्वी वारलेली. वाटेत कॅलिफोर्नियात मजुरी करून जहाजाचे पैसे उभे केले. मागे युटात धाकटी बहीण मार्था अॅन, तेरा वर्षांची. त्या दोन पोरक्या भावंडांनी एकमेकांना लिहायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं ते लिहीतच राहिले. त्या पत्रांचं आता पुस्तक झालंय.

आणि पुणेकरांसाठी एक माहिती फुकट. त्याच्याही आधी, १८५२ साली, ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही राहिला. विचार करा, जहाजाने जाणारं पत्र. पुण्यात बसून 'मी बरा आहे' लिहायचं, ते पोचेपर्यंत बरा माणूस आजारी पडून पुन्हा बराही व्हायचा.

असो. परत त्या घरात येऊ. साडेसहा वाजले आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर मुलगी आली. मागे फिलिपिन्सचा तो चांदणीचा आकाशकंदील. पारोल म्हणतात त्याला. हुबेहूब आपल्या दिवाळीसारखा! मी एकदम सरसावून बसलो. ती हसत होती, सगळे हसत होते, पोरं पडद्यासमोर नाचत होती. तिने सांगितलं की तिकडे ख्रिसमस सप्टेंबरपासूनच सुरू होतो, पहाटे चारला चर्चच्या घंटा वाजतात, लोक तांदळाचा केक खाऊ घालतात. सगळं छान, सगळे छान, जोडीदार छान.

मी मनात म्हटलं, अरे, हा तर माझाच कॉल आहे.

आणि मग एक गोष्ट घडली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर आजी उठल्या. लीडने कॉल टॅबवर घेतला आणि टॅब त्यांच्या हातात दिला. त्या तो घेऊन स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत गेल्या आणि आतून दार लावलं. आठदहा मिनिटांनी बाहेर आल्या. डोळे ओले. कोणी काही विचारलं नाही. पोरांनी जेली वाढायला घेतली.

मी लीडला हळूच विचारलं, "आत काय बोलतात?"

तो म्हणाला, "माहीत नाही. आईचा एकच प्रश्न असतो, दर आठवड्याला. या आठवड्यात तू काय सांगितलं नाहीस?"

त्याला मी हेही विचारलं, की मग जुनाच नियम बरा होता का? पत्रं असायची, मन मोकळं व्हायचं. तो म्हणाला, अजिबात नाही. मी दोनदा बॅग भरली आणि जगात कोणाला माहीत नव्हतं. माझ्या मुलीने भरली तर मला आठवड्याच्या आत कळेल. निदान आईला तरी कळेल. पत्राने मला वाचवलं हे खरं, पण पत्र उशिरा आलं हेही खरं.

हे मी मुद्दाम सांगतोय. नाहीतर या गोष्टीचा व्हॉट्सअॅप फॉरवर्ड होईल. 'पूर्वीचे दिवस किती छान, पत्रांतला ओलावा, आताची पिढी मोबाईलमध्ये' वगैरे. तसं नाहीये ते. त्याच पत्रांतून त्याने तीन आठवडे खोटंही लिहिलं होतं.

आणि आपल्याला काय शिकवणार कोणी खोटं लिहायला! आपल्या पत्राचा मायनाच आठवा. शाळेत पाठ केलेला. 'तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.' आणि त्याच्याखाली, काही लिहायच्या आधीच, 'इकडील सर्व क्षेम'. म्हणजे घर पेटलेलं असलं तरी आधी सर्व क्षेम. आपण व्हिडिओ कॉलवर तोच मायना घेऊन आलोय, फक्त शब्द बदललेत. "हॅलो, हां, बोल, सगळं बरंय."

मी रात्री हॉटेलवर आलो. दहा वाजलेले. गावाकडे पंचवीस तारखेच्या सकाळचे साडेदहा. रोजच्यासारखा आईला कॉल लावला. रोजच्यासारखी आई दिसली. जेवलास का. जेवलो. काय होतं? बटाटे. थंडी हाय का? हाय.

"बाबा कुठायत?"

"रानात गेल्यात."

आता बघा. मला तोपर्यंत कधी खटकलं नव्हतं, पण त्या क्षणी टाळक्यात काहीतरी लागलं. महिना झाला, बाबा रोज रानातच. एकदा दिसले होते ते खाटेवर बसलेले, आई म्हणाली दमल्यात. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. रानात जातात, पण रोज? बरोबर माझ्या कॉलच्या वेळेला?

मी विचारलं, "आई, तू मला काय सांगितलं न्हाईस?"

आई गप्प. नेट गेलं की काय वाटावं इतकी गप्प. मग तिने फोन पालथा ठेवला बहुतेक, कारण पडदा काळा झाला. आणि आवाज आला, "आता तूच इचारलंस म्हणून..."

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या छातीत दुखलं. सांगलीला नेलं. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट. चार दिवस हॉस्पिटलात. त्या चारही दिवशी आईने मला कॉल केला होता. हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून! मागे भिंत दिसेल असा फोन धरून. मी त्या भिंतीकडे बघून म्हटलेलंही मला आठवतं, "घराला रंग दिला का गं?" आणि ती म्हणाली होती, "हां, दिला."

मंडळी, रोज बोलत होतो हो आम्ही. रोज. एचडीमध्ये.

मी चिडलो. ओरडलोच. मला का सांगितलं नाही, मी काय परका आहे का, वगैरे सगळं. आईने ऐकून घेतलं. आणि मग म्हणाली, "आणि तू? तू सगळं सांगतोस व्हय आमाला?"

आता इथे मला तुमच्याशीही खरं बोललं पाहिजे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की आमचा प्रोजेक्ट क्लायंट बंद करतोय. जानेवारीत परत गेलो की मी बेंचवर, आणि बेंचवरच्या माणसांचं त्या काळात काय होत होतं ते आयटीवाल्यांना सांगायला नको. बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून जात होते. मी घरी सांगत होतो, साहेब खूश आहेत, मुदत वाढेल कदाचित. आईला कसं कळलं? कळत असेल. मीही कुठल्या तरी भिंतीसमोर उभा राहूनच बोलत होतो ना.

त्या कॉलवर मला ते सांगता आलं नाही. मागून बाबा आले, त्यांनी फोन घेतला, "काय न्हाय रे, बरा आहे मी, तू काळजी करू नको" म्हणाले, आणि मी म्हटलं, "हां, औषधं घ्या वेळेवर." संपलं. चाळीस मिनिटंसुद्धा नाही.

मग मी लॅपटॉप उघडला. बाबांना पत्र लिहिलं. मराठी टायपिंगची सवय नाही, दोन तास लागले. 'तीर्थरूप बाबांना' लिहिलं आणि 'इकडील सर्व क्षेम' खोडलं. मग लिहिलं की प्रोजेक्ट गेलाय. हप्ते कसे भरायचे माहीत नाही. मला भीती वाटते. तुम्ही आजारी होता आणि मी भिंतीचा रंग विचारत होतो, याची लाज वाटते. पहाटे व्हॉट्सअॅपवर पाठवून दिलं. आणि घाबरून फोन बंद करून झोपलो.

निळ्या टिका लगेच आल्या होत्या. उत्तर आलं तीन दिवसांनी. एका फुलस्केप कागदाचा फोटो, दोन्ही बाजू. एसटीच्या वेबिलात आयुष्यभर आकडे भरलेलं ते कोरीव अक्षर. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात बाबांनी मला लिहिलेलं ते पहिलं पत्र.

सगळं वाचून दाखवणार नाही, ते आमच्या दोघांचं आहे. दोनच गोष्टी सांगतो. एक, त्यांनी लिहिलं की सांगितलं असतं तर तू विमान पकडून आला असतास, आणि तुझा पहिला परदेश माझ्या छातीपायी मोडला असता, ते मला नको होतं. म्हणजे त्यांनी कोणत्या हिशेबाने लपवलं हे मला कळलं. पटलं नाही, पण कळलं. आणि दुसरं, शेवटी लिहिलं होतं, ऑपरेशनला आत नेताना मी पण भ्यालो होतो. तुझ्या आईला सांगितलेलं नाही.

हे वाक्य व्हिडिओ कॉलवर कधी आलं असतं का? आई शेजारी बसलेली असते. शेजारच्या काकू "कोण, पोरगं हाय व्हय" म्हणत डोकावतात. रोसारिओतल्या त्या घरासारखंच. जिथे सगळे ऐकतायत तिथे माणूस सर्व क्षेमच बोलतो. कागदासमोर एकटं बसावं लागतं. किंवा मग त्या आजींसारखं टॅब घेऊन कोठीत जाऊन दार लावावं लागतं. मला वाटतं, मुद्दा कागदाचा किंवा नेटचा नाहीच. कोणीतरी दार लावून विचारलं पाहिजे, आणि कोणीतरी उत्तराची वाट बघत थांबलं पाहिजे.

पुढचं थोडक्यात. जानेवारीत परत आलो. दोन महिने बेंचवर होतो, मग दुसरीकडे कमी पगारावर लागलो. हप्ते बाबांनी आणि मी मिळून बसून पुन्हा मांडले, त्याच फुलस्केपवर. बाबा आता सकाळी चार किलोमीटर चालतात आणि शपथेवर सांगतो, रानात खरंच जातात, मी जाऊन बघितलंय. लीडची मुलगी अठरा महिने पूर्ण करून घरी आली. तिने आजीला कोठीत काय काय सांगितलं, ते अजूनही त्या दोघींनाच माहीत आहे.

आणि मी? रोजचा कॉल चालू आहे. जेवलास का, जेवलो. तो बंद करायचा नाही. त्या कॉलमध्ये बातमी नसते, पण आईचा आवाज असतो, आणि वर्षाला दोनच फोन मिळणाऱ्या पोरांना विचारा त्या आवाजाची किंमत. पण रविवारी रात्री मी बाबांना लिहितो. अर्धं पान, कधी चारच ओळी. त्यांचं उत्तर कधी येतं, कधी येत नाही. मायना अजून तोच आहे. फक्त 'सर्व क्षेम' खरं असेल तेव्हाच लिहायचं, असं आमच्यात ठरलंय.

मागच्या आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं. लिहिताना खोडाखोड केलेली दिसत होती. 'सर्व' खोडून वर 'बरंचसं' केलं होतं. इकडील बरंचसं क्षेम.

चला मंडळी, आज इथेच थांबतो. ऐकून झालं की फोन खिशात टाकायच्या आधी कोणाला काही लिहावंसं वाटलं तर लिहा. मला नको, त्यांना. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.